पर्जन्यछायेतील मास्तर

शाळेच्या मागच्या समारंभात एका वक्त्याने आमच्या भूगोलाच्या मास्तरांविषयी तीन गोष्टी सांगितल्या आणि तिन्ही चुकीच्या सांगितल्या. पहिली, की मास्तरांना पाऊस आधी कळत असे. दुसरी, की गावकऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांनी मातीच्या नकाशावर झारीभर पाणी घातले आणि त्या पुण्याईने पाऊस आला. तिसरी, की ते भित्रे होते, म्हणून गाव अंगावर येताच पळून गेले. टाळ्या पडल्या. वक्ता त्या वर्षी जन्मलाही नव्हता. मी त्याच शाळेत मराठी शिकवीत होतो, शाळेच्या पटांगणाला लागून, मास्तरांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो, आणि ज्या दोन दुपारींवर ही दंतकथा रचली गेली आहे, त्या दोन्ही दुपारी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. ज्याला माझे म्हणणे खोडायचे असेल त्याने खुशाल खोडावे; मात्र माझ्या मरणाची वाट पाहू नये, माझ्यासमोर खोडावे.

त्या तिसऱ्या गोष्टीतला एक शब्द खरा आहे, तो आधी मान्य करून टाकतो. मास्तर भित्रे होते. त्यांच्याइतका भिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण भिणे आणि पळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि त्यांचा संबंध लोक समजतात तितका सरळ नसतो. हे मी त्यांच्याकडून शिकलो.

त्यांचे नाव मी लिहिणार नाही. नाव वाचले की लोक पुढचा मजकूर वाचत नाहीत, स्वतःच्या मनाने रचतात. ते मुसलमान होते आणि त्यांचे सगळे शिक्षण उर्दूतून झाले होते, एवढे सांगितले की पुरे. निजामाचे राज्य गेले, विलीनीकरण झाले, शाळांची भाषा बदलली. तेव्हा चाळिशीच्या घरातल्या या माणसाने कंदिलाशी बसून मराठी पाठ्यपुस्तके वाचली आणि आमच्या शाळेत शिकवायला उभा राहिला. त्यांची मराठी पुस्तकी होती, पण निर्दोष होती. फक्त भूगोलाला ते अखेरपर्यंत ‘जुगराफिया’ म्हणत. ‘भूगोल’ म्हटले की त्यांना पृथ्वी लाडवासारखी हातात आल्याचे वाटे; ‘जुगराफिया’ म्हटले की ती पुन्हा तिच्या आकाराची होई, असे ते म्हणत. साहजिकच लोहारा गावापासून थोड्या आडवाटेला असलेल्या आमच्या गावात ते ‘जुगराफिया मास्तर’ झाले आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी ‘जुगराप्या मास्तर’.

वर्गात त्यांची पाठ सदैव भिंतीला. फळ्यावर लिहितानाही ते तिरके उभे राहत, एक डोळा दारावर. खोलीचे दार लावले की आतून खुर्ची टेकवत. आठवडी बाजाराच्या दिवशी फाट्याकडे जाताना गावातून न जाता शेताच्या बांधाने वळसा घालून जात. बाहेर चार माणसे एकदम हसली की खिडकी ओढून घेत. आणि हलगी! कुठे लांबवर हलगी वाजली की त्यांच्या हातातला खडू जागच्या जागी थांबे. मुले गप्प बसून वाट पाहत. हलगी दूर गेली की वाक्य जिथे तुटले होते तिथून पुढे सुरू होई.

एकदा मी थट्टेने विचारले, “मास्तर, तुम्हाला माणसांची एवढी भीती, मग मास्तरकी कशाला धरलीत?”

“एका माणसाची मला भीती नाही, मराठीवाले,” ते म्हणाले. मला ते ‘मराठीवाले’च म्हणत. “गर्दी म्हणजे कमी दाबाचा पट्टा. एकदा तयार झाला की चारी दिशांची हवा तिकडेच धावते. का धावते ते हवेला विचारून उपयोग नसतो. आणि जो मधोमध सापडतो तो वर उचलला जातो.”

यावर मी हसलो नाही. त्याचे कारण त्यांना ठाऊक होते. रझाकारांच्या वर्षी आमच्या घरातली बायका-माणसे उभ्या ज्वारीत तोंडात पदर कोंबून बसली होती. ते मी त्यांना एका संध्याकाळी सांगितले होते. ऐकून त्यांनी कंदिलाची वात खाली केली. मग म्हणाले, “आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यानंतर, निजामाचं राज्य गेल्यावर, माझ्या थोरल्या भावाच्या दारात मिरवणूक आली. गुलाल उधळत आली होती.” एवढेच. पुढचे त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही. आम्ही दोघे पुढची कित्येक वर्षे शेजारी राहिलो ते या दोन अर्धवट गोष्टींच्या भरवशावर.

पावसाळ्यात ते खाट अशी टाकत की तोंड पश्चिमेला राहावे. भाद्रपद सरत आला की खाट फिरवून पूर्वेला. छत्री त्यांनी कधी बाळगली नाही. छत्रीवाला माणूस आभाळाकडे पाहत नाही, छत्रीकडे पाहतो, असा त्यांचा आक्षेप होता. सोलापूरकडची एसटी फाट्यावर थांबली की ते वाकून तिच्या चाकाचा चिखल बोटांवर घेत आणि चोळून पाहत. मुरमाड असला तर पाऊस तुळजापूरच्या बाजूला, बालाघाटावर. काळा, चिकट असला तर खालच्या पट्ट्यात. ड्रायव्हर ओरडे, “ओ मास्तर, गाडी धुवायची आसंल तर बादली आना की!” कोरडे चाक असले की मास्तर हात झटकून नुसते मागे सरत.

आता पाऊस आधी कळण्याविषयी. लोक त्यांना रस्त्यात अडवून विचारीत, “मास्तर, पाऊस कवा?” आणि प्रत्येक वेळी उत्तर ठरलेले: “पाऊस कधी, हे मला ठाऊक नाही. पाऊस का नाही, हे ठाऊक आहे.” हे ऐकून माणसे चिडत. ज्योतिषी चुकतो, पण तारीख तरी देतो. हा माणूस काहीच देत नसे, फक्त कारण देई. आणि जो माणूस पाऊस का नाही हे इतक्या खात्रीने सांगतो, त्याचा त्यात काही हात असावा, ही शंका कोरड्या वर्षात कुणाच्याही मनात येईल. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे बीज तिथे आहे, झारीत नाही.

शाळेमागच्या पटांगणात मास्तरांनी मुलांकडून मातीचा भारत करून घेतला होता. खळ्याएवढा. उत्तरेला हिमालय कमरेइतका उंच, पश्चिमेच्या काठाने दगड-मातीची सह्याद्रीची रांग गुडघ्याच्या वर, मध्ये विंध्य, सातपुडा, वायव्येला अरवली. आमच्या गावाच्या जागी त्यांनी बाभळीची काडी रोवली होती. या नकाशाच्या काठाने ते चालू लागले की त्यांच्यातला भित्रा माणूस कुठे जाई देव जाणे. मुलांना ते वारा व्हायला लावीत. चार मुले अरबी समुद्रातून तोंडात पाणी धरून येत, सह्याद्रीशी आली की चुळा टाकत, आणि डोंगर ओलांडून आमच्या बाजूला उतरताना रिकामी तोंडे उघडून दाखवत. पोरे लोळून हसत. मास्तर मात्र गंभीर. “हसू नका. हाच आपला इतिहास आहे,” असे जुगराफियाच्या तासाला सांगत.

एका मुलाने विचारले, राजस्थानात अरवली असून पाऊस का नाही? मास्तर इतके खूश झाले की त्यांनी त्या मुलाला हिमालयावर बसवले. “डोंगर असून भागत नाही. तो वाऱ्याला आडवा असावा लागतो. अरवली वाऱ्याच्या बरोबरीने चालतो. वारा त्याच्या खांद्यावर हात टाकून निघून जातो.” मग मद्रासच्या किनाऱ्याशी जाऊन सांगत, की इथे आपल्या थंडीच्या दिवसांत पाऊस पडतो, एकाच देशात एक माणूस छत्री उघडतो तेव्हा दुसरा विहिरीत डोकावतो, आणि दोघेही आपल्या ऋतूलाच देशाचा ऋतू समजतात. हिमालय नसता तर उत्तरेचे गार वारे थेट आपल्या अंथरुणात आले असते, हेही त्यांनीच सांगितले. मी मराठीचा माणूस. पण हा देश एवढा मोठा आहे हे मला कवितांनी नव्हे, त्या मातीच्या ढिगांनी पटवले.

दर पावसाळ्यात ते या नकाशावर धान्य पेरत आणि मुलांकडून पाणी घालून घेत. पाणी घालण्याचा नियम कडक होता: देशात जिथे जसे पडते तसे. कोकणावर एक अख्खी झारी, आसामच्या कोपऱ्यात दोन झाऱ्या, आमच्या काडीभोवती फक्त बोटांनी शिंपडलेले थेंब. काही दिवसांत सह्याद्रीपलीकडे हिरवी दाट लव उभी राही आणि अलीकडे चार पिवळी पाती. पाहणाऱ्याला पर्जन्यछाया हा शब्द पाठ करावा लागत नसे.

ज्या वर्षाविषयी मी लिहितो आहे, त्या वर्षी मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरडी गेली. पेरलेले उगवले आणि जळाले. गावाने महादेव कोंडला. म्हणजे गाभाऱ्याचे दार लिंपून, पिंड बुडेपर्यंत पाणी भरले, देव गुदमरला की पाऊस पाठवतो म्हणून. आटलेल्या विहिरींतून घागरी ओढून बायकांनी तो गाभारा भरला. आभाळ निळेच राहिले. श्रावण लागला तेव्हा गावात मोठ्याने बोलणे बंद झाले होते. कुत्री दुपारी भुंकेनाशी झाली. रस्त्याने जाताना माणसे एकमेकांकडे पाहत नसत, आभाळाकडेही नाही. जमिनीकडे पाहत, जणू काही हरवले आहे आणि ते कुणीतरी उचलले आहे.

अशा दिवसांत चंद्राबाईच्या धाकट्या मुलीने घरी सांगितले, “सरांनी सांगितलंय, आपल्या गावाला पानी घालायचं न्हाय.”

चंद्राबाई ही नवऱ्यामागे स्वतः औत धरणारी बाई. तिने हातातली भाकरी परातीत टाकली आणि तशीच पटांगणात आली. तिने काय पाहिले ते शहरी वाचकाने नीट समजून घ्यावे. आमच्या भागात नवरात्रात घरोघर घट बसतो: मातीत धान्य पेरतात, वर पाण्याचा कलश ठेवतात, आणि ते धान जसे उगवेल तसे घराचे वर्ष जाईल असे मानतात. घट वाळला तर घर वाळते. चंद्राबाईला तिथे नकाशा दिसला नाही. तिला एक प्रचंड घट दिसला, ज्यात दुसऱ्यांचे धान हिरवेगार होते आणि आमच्या गावाची काडी रोवून तिच्याभोवतीचे धान मुद्दाम वाळवले होते. तिच्या जागी मी असतो तर मलाही तेच दिसले असते. तिला अडाणी म्हणणाऱ्या वक्त्यांना माझे एवढेच सांगणे आहे.

संध्याकाळपर्यंत गावभर झाले: “जुगराप्या मास्तरानं आपला घट वाळवलाय.”

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर मास्तरांच्या खोलीवर आले; मीही तिथेच होतो. सज्जन गृहस्थ, घाम पुसण्यातच त्यांचा अर्धा वेळ गेला. “मास्तर, एक झारी घाला त्या काडीपाशी. एकच. चार जणांदेखत घाला. प्रकरण मिटलं.”

“आणि मुलांना काय सांगू?”

“मुलांना काय सांगायचंय? पाऊस पडला म्हणावं.”

“पडलेला नाही.”

हेडमास्तर गेल्यावर मीही तेच सांगितले. जरा अधिक कठोर शब्दांत सांगितले. “अहो, माती आहे ती! बाजाराच्या दिवशी लोक येणार आहेत. कुदळी घेऊन येणार आहेत. तुम्ही कोण आहात हे त्यांना आज आठवत नसेल, पण त्या दिवशी कुणीतरी आठवण करून देईल.”

त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. “मला कळतं. मला रात्री झोप येत नाही, मराठीवाले. पण मी उद्या तिथं पाणी घातलं, तर त्याचा अर्थ असा की काल मी ते रोखलं होतं. मग ते बरोबर म्हणतात. मग मी खरोखरच केलं.”

  झारी घातल्याची कथा सांगणाऱ्यांनी हे वाक्य आधी ऐकायला हवे होते.

बाजाराच्या दिवशी दुपारी गावकरी आले. ओरडत आले नाहीत. त्याने जास्त भीती वाटली. पायांखाली धूळ उडण्याचा तेवढा आवाज. पुढे चंद्राबाई, मागे माणसे, काहींच्या खांद्यावर कुदळी. हेडमास्तर ऑफिसात काही शोधू लागले ते शोधतच राहिले. मास्तर पटांगणात उभे होते आणि त्यांच्या पाठीशी भिंत नव्हती. त्या माणसाला उघड्यावर तसे उभे राहिलेले मी प्रथमच पाहिले. 

“मास्तर,” चंद्राबाई म्हणाली, “तुमी शिकलेलं मानूस. आमच्या लेकरांच्या तोंडचं पानी का तोडलं?”

मास्तरांनी भरलेली झारी उचलली आणि मला वाटले, सुटलो. त्यांनी ती तिच्या हातात दिली.

“तुम्ही घाला, बाई. पण वारा येतो तिकडून घाला. या बाजूनं या. हा समुद्र.”

ती गोंधळली, पण हातात झारी आली होती. ती समुद्रात उभी राहिली आणि तिने डोंगराच्या दिशेने पाणी सोडले. पाणी सह्याद्रीवर आपटले आणि परत तिच्याच पायांशी, कोकणात वाहत आले. तिने हात उंच केला.

“ढग इतके उंच नसतात,” मास्तर म्हणाले. आवाज कापत होता, पण चूक सुधारल्यावाचून त्यांना राहवेना. “हात खाली.”

मागून कुणी हसले. कुणी म्हणाले, “आगं, उत्तरंकडनं घाल की!”

“उत्तरेला हिमालय आहे.”

“मंग सरळ गावावरच वता ना! कशाला पायजे डोंगर न् फिंगर?” हा कुदळवाला.

मास्तर त्याच्याकडे वळले. “ओता. पण तसा वारा कुठून येतो ते मला दाखवा. मी उद्यापासून तेच शिकवीन.”

कुदळवाला आभाळाकडे पाहू लागला. मग एकेकाने झारी घेतली. वाद घालत, एकमेकांना ढकलत, त्या मोठ्या माणसांनी अरबी समुद्रातून पुन्हा पुन्हा पाणी सोडून पाहिले, आणि प्रत्येक वेळी पाणी डोंगराला भिऊन परतल्यासारखे परत आले. काडीपाशी चार थेंब उडाले, तेवढेच. शेवटी झारी घ्यायला कुणी पुढे होईना.

मला वाटले होते की समजल्यावर त्यांची भीती जाईल. ती वाढली. हे कुणीही लिहिलेले नाही, म्हणून मी लिहितो.

“म्हंजी,” चंद्राबाई म्हणाली, “हे कुनी केलंच न्हाय?”

“कोणीच नाही.”

ती मटकन खाली बसली. “करनी आसती तर उतारा केला आसता. कुनाच्या पाया पडलो आसतो. डोंगराला काय उतारा करावं?”

कुदळवाल्याने खांद्यावरची कुदळ हातात घेतली. “फोडूनच टाकू ह्याला.”

“फोडा,” मास्तर म्हणाले. “पण भीमेला पाणी येतं ते याच डोंगराचं. तो अडवतो, आणि थोडं नदीच्या हातानं परत पाठवतो. फोडलात तर तेही जाईल.”

कुदळ तशीच राहिली. खाली आली नाही, वरही गेली नाही. माणसे मात्र नकळत जवळ सरकत होती. रागाने नव्हे, गुरे पावसाच्या भीतीने एकमेकांना चिकटतात तशी. मास्तर मधोमध सापडले. मला त्यांचा कमी दाबाचा पट्टा आठवला. चंद्राबाईने खालूनच त्यांच्याकडे पाहिले. “मंग आमचं कवा, मास्तर?”

वर्षानुवर्षे तेच उत्तर देणाऱ्या माणसाने त्या दुपारी दुसरे उत्तर दिले.

“घट बसतील तेव्हा. वारा माघारी फिरतो, पूर्वेकडून येतो. तेव्हा हा डोंगर आपल्याला आडवा येत नाही. आपल्या पाठीशी असतो. आपला पाऊस परतीचा.”

गर्दीने श्वास सोडला. खरोखर ऐकू आला. माणसे पांगली. चंद्राबाईने जाताना झारी जागेवर नेऊन ठेवली.

खोलीत येऊन मास्तर खाटेच्या कडेवर बसले. “जुगराफियात ‘बहुधा’ हा शब्द असतो,” ते म्हणाले. “परतीचा पाऊस बहुधा येतो. तो शब्द मी आज गिळला. भीतीनं गिळला.”

म्हणून म्हणतो, मास्तरांना पाऊस कळत होता हे खोटे. तो त्यांचा अंदाज नव्हता. चोहोबाजूंनी दाबल्या गेलेल्या माणसाच्या तोंडून निघालेले ते वाक्य होते.

त्यानंतरचे दिवस मी आठवू इच्छित नाही, पण मास्तरांसाठी आठवतो. येता-जाता लोक त्यांना रामराम करू लागले. “घटाला, न्हाय का मास्तर?” धमकी नव्हती; विश्वास होता, आणि मास्तर त्याला धमकीपेक्षा जास्त भ्याले. पोळा गेला. गुरांची शिंगे रंगवायला कुणाकडे जीव नव्हता. गणपती आले, गेले. खाट पूर्वेला फिरली. घट बसले, आणि आभाळ धुतलेल्या ताटासारखे कोरडे. घरोघरच्या घटांना बायका ओंजळीने पाणी घालत होत्या आणि दाराबाहेर पाहत होत्या. मास्तरांनी आपली पत्र्याची पेटी दाराजवळ आणून ठेवली. जेवण सुटले. एसटीची चाके कोरडी येत होती. नवरात्राच्या एका माळेला मी पाहिले, ते शेवटच्या बाकावर, मुलांच्या मागे बसून शिकवीत होते, कारण भिंत तिथे जवळ होती.

मग पाचव्या की सहाव्या माळेला पूर्वेकडून ढग आले, आणि पाऊस असा लागला की पहाटेपर्यंत नळ्यांच्या कौलांचा आवाज थांबला नाही. सकाळी मास्तर पटांगणात भिजत उभे होते. त्यांचा हिमालय बसत चालला होता, अरवली वाहून गेला होता. “खरा पाऊस नकाशा पाहून पडत नाही,” ते म्हणाले, आणि इतक्या महिन्यांनी हसले. ते हसू मी पाहिलेले आहे. गाव अंगावर येताच मास्तर पळाले, असे सांगणाऱ्यांनी ते हसू कुठे ठेवायचे ते ठरवावे.

दुपारी हलगी वाजली.

रिमझिम होती. रस्त्याच्या वळणावरून गर्दी येताना दिसली: हलगीवाले पुढे, गुलाल, झेंडूचा एक जाडजूड हार, मध्ये चंद्राबाई. सगळे गाव नाचत शाळेकडे येत होते.

मास्तर आपल्या खोलीच्या भिंतीला चिकटले.

“अहो, हार आहे त्यांच्या हातात,” मी म्हणालो. “तुमच्यासाठी आहे. तुम्हाला खांद्यावर घेतील.”

“दिसतंय मला.” त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. “कुदळ घेऊन आलेल्या माणसाला काहीतरी विचारायचं असतं, मराठीवाले. त्याला उत्तर देता येतं. गुलाल घेऊन आलेल्याला काहीच विचारायचं नसतं.”

हलगी पटांगणाच्या कोपऱ्यावर आली. त्यांनी पेटीकडे पाहिले, पण उचलली नाही. मागच्या दाराने ते बाहेर पडले आणि काळ्या चिखलातून, पावलागणिक रुतत, फाट्याच्या दिशेने निघाले. मी त्यांना अडवले नाही. अडवायला हवे होते असे मला कधीही वाटले नाही. उभ्या ज्वारीत बसलेल्या माझ्या आईला त्या वेळी कुणी ‘बाहेर या, हार आहे’ म्हटले असते, तर ती आली असती काय?

पुढे त्या एसटीच्या कंडक्टरने मला सांगितले, की चिखलाने माखलेला एक माणूस गाडीत चढण्याआधी वाकला, त्याने चाकाचा चिखल बोटांवर चोळला, आणि तिकीट काढताना कुठे जायचे ते सांगण्याऐवजी आधी म्हणाला, “सगळीकडे झालाय.” कुठले तिकीट काढले ते कंडक्टरला आठवत नव्हते. काही महिन्यांनी कुणी नातलग येऊन पेटी घेऊन गेला. मास्तर आमच्या गावी पुन्हा आले नाहीत.

तेव्हा गाव कुदळी घेऊन आले त्या दुपारी मास्तर उभे राहिले होते, आणि गाव हार घेऊन आले त्या दुपारी गेले. ज्याला यात भित्रेपणा दिसतो त्याने एकदा तरी पाठीशी भिंत नसताना उभे राहून पाहावे.

गर्दी पटांगणात आली तेव्हा खोली उघडी होती आणि आत फक्त मी होतो. हलगी चुकत चुकत थांबली. हाराचे काय करावे ते कुणाला कळेना. शेवटी कुणीतरी तो नकाशात अजून उभ्या असलेल्या सह्याद्रीच्या रांगेवर घातला, आणि ज्यांच्या मुठीत गुलाल होता त्यांनी तो तिथेच टाकला. वर रिमझिम चालूच होती. गुलाल भिजला, विरघळला, आणि त्याचे तांबडे पाणी डोंगराच्या दोन्ही बाजूंनी उतरू लागले. अलीकडच्या उतारावरूनही, आमच्या काडीपर्यंत. तिच्याभोवती श्रावणात पेरलेले, उगवायचे राहिलेले धान रात्रीत फुटले होते.

चंद्राबाईने खोलीचे उघडे मागचे दार पाहिले. चिखलात उमटत गेलेली पावले पाहिली. मग माझ्याकडे वळली.

“आमाला भिऊन गेले व्हय, सर?”

मी ते दार लोटून घेतले.

“हार आनला हुता की,” ती म्हणाली.